नगररचना विभागात नवीन रुजू झालात? सुरुवात अशी करा

रचना सहायक, कनिष्ठ आरेखक, अनुरेखक किंवा कंत्राटी कॅड ऑपरेटर, यांपैकी कुठल्याही नावाने तुम्ही नगररचना विभागात आला असाल. डिप्लोमा स्थापत्यचा, नाहीतर आयटीआयचा आरेखक ट्रेड. सरळसेवेच्या परीक्षेसाठी सिमेंटचे प्रकार आणि सर्वेक्षणाची सूत्रं घोकून झाली. आता टेबलावर पहिली फाइल येते आणि त्यात यातलं काहीच नसतं. असतो एक सातबारा, एक पुसट मोजणी नकाशा, वास्तुविशारदाचा भला मोठा प्लॅन आणि वर साहेबांचा शेरा: 'तपासून सादर करा.' काय तपासायचं, हे कोणी सांगत नाही. हा लेख तेवढ्यासाठीच आहे.

आधी एक खुलासा. राज्याचा नगररचना आणि मूल्यनिर्धारण विभाग १९१४ पासून आहे, संचालनालय पुण्यात आहे, आणि जिल्ह्याजिल्ह्यांत त्याची शाखा कार्यालयं आहेत. महानगरपालिकांची आस्थापना वेगळी. पालिकेच्या नगररचना विभागाचे प्रमुख बहुतेक ठिकाणी राज्य विभागातून प्रतिनियुक्तीवर आलेले असतात, हाताखालचे लोक मात्र पालिकेचे. आपण कोणाच्या आस्थापनेवर आहोत, रजा कोण मंजूर करतो आणि गोपनीय अहवाल कोण लिहितो, हे पहिल्याच दिवशी आस्थापना लिपिकाकडून विचारून घ्या. मी पुढे लिहितोय ते महापालिका डोळ्यांसमोर ठेवून, पण नगरपरिषद किंवा शाखा कार्यालयातही फारसा फरक पडत नाही.

पहिली पायरी: कोणती योजना लागू आहे ते शोधा

नवीन माणूस आल्या आल्या ऑटोकॅड उघडून बसतो. त्याची घाई नाही. पहिला आठवडा कपाटातल्या नकाशांना द्या. सगळ्याचा आधार महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम १९६६. त्याच्याखाली तीन प्रकारच्या योजना भेटतात: प्रादेशिक योजना, विकास योजना (म्हणजे आपली डीपी) आणि नगररचना योजना (टीपी स्कीम). एखादी जागा यांपैकी कशाखाली येते, यावर तिचं सगळं भवितव्य ठरतं.

टीपी स्कीमच्या हद्दीतली फाइल आली तर सर्वे नंबरावर विसंबू नका. तिथे मूळ भूखंडाचा अंतिम भूखंड झालेला असतो, आकार बदललेला असतो, कधी जागाही सरकलेली असते. फॉर्म १ काढून मूळ भूखंड आणि अंतिम भूखंडाचा मेळ आधी घाला, मग पुढचं.

दुसरा प्रश्न नियोजन प्राधिकरणाचा. पुण्याचं उदाहरण घ्या. २०२१ मध्ये २३ गावं महापालिकेत आली, पण त्यांच्या विकास योजनेसाठी शासनाने पीएमआरडीएला (पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरण) विशेष नियोजन प्राधिकरण नेमलं. म्हणजे घरपट्टी एकीकडे आणि विकास योजना दुसरीकडे. असे तिढे इतर शहरांतही आहेत: कुठे एमआयडीसीचा पट्टा, कुठे सुधार प्रन्यासची जुनी हद्द, कुठे कटकमंडळ (कॅन्टोन्मेंट). गाव आणि सर्वे नंबर वाचल्याबरोबर 'हे आपल्याकडे येतं का' एवढं विचारायची सवय लावा. चुकीच्या दारात आलेली फाइल तीन महिने छाननीत फिरवून मग परत करणं, यासारखा अर्जदाराचा छळ नाही.

तिसरी गोष्ट मंजूर प्रतीची. भिंतीवर लावलेला रंगीत डीपी ही शोभा समजा. खरा नकाशा म्हणजे शासनाच्या अधिसूचनेसोबत आलेला, सही-शिक्क्याचा संच. विकास योजना मंजूर होते तेव्हा काही भाग वगळला जातो. सारभूत फेरबदल म्हणून तो पुन्हा हरकतींसाठी प्रसिद्ध होतो आणि नंतर वेगळ्या अधिसूचनेने मंजूर होतो. फाइलींवर 'ईपी' (वगळलेला भाग) आणि 'एसएम' (सारभूत फेरबदल) असे क्रमांक दिसतील ते हेच. शिवाय कलम ३७ खालचे किरकोळ फेरबदल वर्षानुवर्षं चालूच असतात. हे सगळे बदल मूळ शीटवर उतरवलेले असतातच असं नाही. एक वही घाला: गाव, सर्वे नंबर, बदल काय, अधिसूचनेची तारीख. कार्यालयात अशी वही आधीपासून असेल तर ती जिच्या किंवा ज्याच्या ताब्यात आहे त्या व्यक्तीशी मैत्री करा. बहुधा ती निवृत्तीला आलेली असते.

दुसरी पायरी: जमिनीचे कागद वाचायला शिका

कॉलेजात हे शिकवत नाहीत आणि इथे याच्याशिवाय पान हलत नाही. सातबारा, मिळकत पत्रिका, फेरफार, गट नकाशा, फाळणी नकाशा, भूमी अभिलेखची मोजणीची 'क' प्रत. शक्य असेल तर उपअधीक्षक भूमी अभिलेख कार्यालयात एखाद्या अनुभवी भूकरमापकाजवळ अर्धा दिवस बसा. टिपण, गुणाकार बुक, आकारफोड आणि कमी-जास्त पत्रक हे काय प्रकार आहेत, ते प्रत्यक्ष बघितल्यावर जे कळतं ते वाचून कळत नाही.

एककं पाठ पाहिजेत. सातबाऱ्यावर क्षेत्र हेक्टर, आर, चौरस मीटर असं लिहिलेलं असतं. ०.२५.३० म्हणजे २५३० चौरस मीटर. लोक बोलतात गुंठ्यात. गुंठा म्हणजे ३३ फुटी साखळीचा चौरस: ३३ गुणिले ३३, १०८९ चौरस फूट, सुमारे १०१.१७ चौरस मीटर. म्हणजे वरचे २५३० चौरस मीटर बरोबर पंचवीस गुंठे भरतात. जुन्या कागदांवर लांबी साखळी आणि आण्यांत असते. साखळीचे सोळा आणे, म्हणजे एक आणा दोन फुटांहून जरासा जास्त. एक आर आणि एक गुंठा जवळजवळ सारखे आहेत म्हणून सरसकट सारखेच धरणारी माणसं तुम्हाला कार्यालयातही भेटतील. छोट्या प्लॉटला खपून जातं, पाच एकरांच्या अभिन्यासात (लेआउटमध्ये) फरक दोनशे चौरस मीटरच्या पुढे जातो.

क्षेत्राचा नियम मात्र सरळ आहे. राज्याची एकत्रिकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली २ डिसेंबर २०२० च्या अधिसूचनेने आली. मुंबई आणि काही वगळलेली क्षेत्रं सोडून ती राज्यभर लागू आहे. तिच्या क्षेत्रतक्त्यात पहिली ओळच अशी आहे: मालकी कागदाप्रमाणे क्षेत्र, मोजणीप्रमाणे क्षेत्र, प्रत्यक्ष जागेवरचं क्षेत्र, या तिन्हींतलं जे कमी ते धरायचं. वास्तुविशारद त्यातलं सोयीचं क्षेत्र धरून पुढची सगळी आकडेमोड करून आणतात. ती ओळ चुकली की चटई क्षेत्र (एफएसआय), मोकळी जागा, शुल्क, सगळंच चुकत जातं. म्हणून छाननी तिथून सुरू करा.

तिसरी पायरी: रेघेची जाडी

या मुद्द्यावर मी जरा रेंगाळणार आहे, कारण भांडणं इथे होतात.

विकास योजनेची शीट १:१०००० प्रमाणात असेल आणि रस्त्याची कड अर्ध्या मिलिमीटरच्या पेनाने काढली असेल, तर ती रेघ जमिनीवर पाच मीटर रुंद असते. चौरस आकाराच्या एका गुंठ्याच्या प्लॉटची बाजू दहा मीटर. म्हणजे नुसत्या शाईने अर्धा प्लॉट झाकला. त्या रेघेच्या कोणत्या कडेला हद्द मानायची, यावर कोणाची तरी न्हाणीघराची भिंत राहते किंवा जाते. स्क्रीनवर झूम करून 'हे बघा, रस्ता तुमच्या जागेच्या बाहेरून जातो' असं सांगणारा तंत्रज्ञ नकाशात नसलेली अचूकता स्वतःच्या मनाने घालत असतो.

त्यात जुने कागद. बऱ्याच जुन्या गावनकाशांचं प्रमाण एक इंचाला ६६० फूट, म्हणजे १:७९२०. कागद शंभर वर्षांत आकसलेला, घडीवर फाटलेला, मग झेरॉक्स, मग झेरॉक्सची झेरॉक्स, मग स्कॅन. त्यामुळे स्कॅन हातात आला की पहिलं काम म्हणजे नकाशावरची प्रमाणपट्टी आडवी आणि उभी दोन्ही दिशांनी मोजणं. दोन्हीकडे ताण सारखा नसेल तर नुसतं मोठं-लहान करून चालणार नाही.

क्यूजीआयएस किंवा तत्सम नकाशाच्या सॉफ्टवेअरमध्ये स्कॅन खऱ्या अक्षांश-रेखांशावर बसवताना नियंत्रण बिंदू जपून निवडा. देऊळ, जुनी विहीर, तीन गावांच्या शिवा मिळतात तिथला हद्दीचा दगड, जुन्या पुलाची टोकं, हे चालतात. रस्त्याचं वळण, ओढ्याचा काठ, झाड हे चालत नाहीत, ते हलतात. बिंदू क्षेत्रभर पसरलेले हवेत. एकाच कोपऱ्यात आठ बिंदू घेऊन 'त्रुटी कमी आली' म्हणून खूश होऊ नका, त्रुटी दुसऱ्या कोपऱ्यात जाऊन बसलेली असते.

आणि झोन. महाराष्ट्र यूटीएम या नकाशा-प्रक्षेपणाच्या दोन झोनमध्ये विभागला आहे, सीमा ७८ अंश पूर्व रेखांशावर. पुणे, नाशिक, अमरावती ४३ मध्ये, वर्धा, नागपूर, चंद्रपूर ४४ मध्ये. नागपूरच्या शेपफाइलला चुकून ४३ झोन दिला तर वॉर्ड थेट सुरत जिल्ह्यात जाऊन पडतो. एवढी मोठी चूक निदान दिसते तरी. दोन-तीन मीटरची चूक दिसत नाही, म्हणून ती जास्त घातक. डीजीपीएसने किंवा रोव्हरने (अचूक उपग्रह-मोजणीच्या उपकरणांनी) घेतलेला एखादा खात्रीचा बिंदू प्रत्येक शीटवर तपासणीसाठी राखून ठेवा. नकाशा बसवायला तो वापरू नका.

चौथी पायरी: झोन दाखला आणि भाग नकाशा

नवीन माणसाच्या वाट्याला पहिलं काम येतं ते हे. अर्जदाराला जागेचा वापर विभाग कोणता, आरक्षण किंवा रस्ता आहे का, ते लेखी पाहिजे असतं. रहिवास पिवळा, वाणिज्य निळा, औद्योगिक जांभळा, सार्वजनिक-निमसार्वजनिक लाल, शेती व ना-विकास हिरवा, अशी ढोबळ ओळख ठेवा, पण दाखला देताना त्याच शीटवरची सूची बघा. जुन्या योजनांत छटा वेगळ्या असू शकतात.

शीटवर दिसतं त्याच्या पलीकडेही बंधनं असतात. जलसंपदा विभागाची निळी पूररेषा (पंचवीस वर्षांतून एकदा येणारा पूर) आणि लाल पूररेषा (शंभर वर्षांतून एकदा येणारा), संरक्षित स्मारकाभोवतीचे १०० मीटर मनाई आणि पुढचे २०० मीटर नियंत्रित क्षेत्र, उच्चदाब वाहिनी, रेल्वेहद्द, विमानतळाचा उंचीचा नकाशा. यांची यादी टेबलाच्या काचेखाली ठेवा आणि प्रत्येक फाइलला वरून खाली वाचा.

खिडकीवरचा संवाद ठरलेला असतो.

'साहेब, एवढंच सांगा, माझ्या जागेतून रस्ता जातो का?'

'काका, सर्वे नंबराच्या पूर्व बाजूने बारा मीटर रस्ता दाखवला आहे. तुमच्या हिश्श्यात किती येतो ते मोजणीशिवाय सांगता येणार नाही. मोजणी नकाशा जोडून अर्ज करा, लेखी देतो.'

'अहो, पण अंदाजे?'

अंदाज द्यायचा नाही. तुमच्या तोंडी अंदाजावर त्याच दिवशी संध्याकाळी इसार दिला जातो आणि महिन्याभराने दोन्ही पक्ष तुमचं नाव घेत साहेबांच्या केबिनमध्ये उभे राहतात. मात्र 'उद्या या' म्हणून टोलवूही नका. कोणता कागद कुठून आणायचा, ते चिठ्ठीवर लिहून द्या. माणूस निम्मा शांत होतो.

पाचवी पायरी: बांधकाम प्रस्तावाची छाननी

कलम ४४ खाली अर्ज येतो, ४५ खाली निर्णय होतो, आणि साठ दिवसांत काहीच न कळवल्यास मानीव परवानगीचा (परवानगी मिळाली असं धरण्याचा) मुद्दा उभा राहतो. त्यामुळे त्रुटी काढायच्या तर एकदाच आणि सगळ्या काढा. आज एक, पंधरा दिवसांनी दुसरी, ही पद्धत कामचुकार माणसाची किंवा हेतू असलेल्या माणसाची. लोकही तसंच समजतात.

प्रस्ताव आता ऑनलाइन येतात, सॉफ्टवेअर सामासिक अंतरं (इमारतीभोवती सोडायची मोकळी जागा) आणि चटई क्षेत्र आपोआप मोजतं. पण संगणक जे काढलंय तेच मोजतो. प्लॅनवर रस्ता बारा मीटर लिहिला म्हणजे तो जागेवर बारा आहे, असं त्याला वाटतं. रंगांचे संकेत लक्षात ठेवा: प्रस्तावित काम लाल, पाडायचं काम पिवळ्या तिरप्या रेघांत, भूखंडाची हद्द जाड काळी, मलनिस्सारण लाल तुटक. स्थळनकाशा एक हेक्टरपर्यंत १:५००, त्यापुढे १:१०००, इमारतीचा नकाशा १:१००. नियमावलीत सुधारणा सतत येतात. छापील पुस्तकावर विसंबू नका, प्रत्येक शासन निर्णय तारखेनिशी एका फोल्डरमध्ये जमवत जा.

सहावी पायरी: स्थळपाहणी

सोबत काय न्यायचं: तीस मीटरचा टेप, लेझर मीटर, मोजणी नकाशाची प्रत, कच्चा कागद आणि टेप धरायला एक माणूस. फोटोत तारीख, वेळ आणि अक्षांश-रेखांश येतील असं ॲप चालू ठेवा.

रस्त्याची रुंदी एका ठिकाणी मोजून परत येऊ नका. निदान तीन ठिकाणी मोजा, कुंपण ते कुंपण आणि डांबर ते डांबर, दोन्ही वेगळं लिहा. जोता (प्लिंथ) तपासणीला गेलात तर चारही बाजूंसोबत दोन्ही कर्ण मोजा. बाजू जुळूनही काटकोन बिघडलेला असू शकतो, आणि मग मागचं सामासिक अंतर एका टोकाला तीन मीटर, दुसऱ्या टोकाला अडीच निघतं. जोत्याला धरलं तर दुरुस्ती होते, तिसरा स्लॅब पडल्यावर धरलं तर कलम ५३ ची नोटीस, मग कोर्ट, मग राजकारण.

डोकं वर करून वीजवाहिन्या बघा, खाली बघून नाला बघा. पावसाळ्यात पाणी कुठपर्यंत येतं, ते शेजारच्या टपरीवाल्याला विचारा. चहा घ्यायचाय तर त्या टपरीवर स्वतःच्या पैशांनी घ्या, बिल्डरच्या साइट ऑफिसात नको.

सातवी पायरी: टिपणी

तुमची सगळी मेहनत शेवटी टिपणीच्या पानावर दिसते. दहा वर्षांनी माहिती अधिकारात ही फाइल निघेल, तेव्हा तुम्ही तिथे नसाल, पान असेल. 'नियमानुसार आहे, सादर' एवढं लिहिणं म्हणजे काहीच न लिहिणं. त्याऐवजी एक नमुना बघा:

'सातबाऱ्याप्रमाणे क्षेत्र २५३० चौ.मी. (पान ५), मोजणी नकाशाप्रमाणे २४१० चौ.मी. (पान ९), प्रत्यक्ष जागेवर २३८५ चौ.मी. (पान १२). त्यापैकी किमान २३८५ चौ.मी. छाननीस घेतले आहे. पूर्वेस मंजूर विकास योजनेतील १२ मी. रस्ता असून जागेवर ७.२० ते ७.६० मी. रुंदी आढळली, मोजमापे व छायाचित्रे पान १३ ते १६ वर. अर्जदाराने दर्शविलेली रस्त्याची कड व विकास योजना शीट यांत तफावत दिसते. संयुक्त मोजणी करून घेणे योग्य होईल. आदेशार्थ सादर.'

यात आकडा, आकड्याचा आधार, पान क्रमांक आणि जिथे जुळत नाही तिथे 'जुळत नाही' असं स्पष्ट लिहिलेलं आहे. तफावत सोडवणं हे सहायक नगररचनाकार किंवा त्यांच्या वरच्यांचं काम. ती लपू न देणं तुमचं. वरून तोंडी सूचना आली की 'हे वाक्य काढा', तर नम्रपणे म्हणा, 'सर, आपण शेरा द्या, मी त्याप्रमाणे पुढे सादर करतो.' बहुतेक वेळा शेरा येत नाही आणि वाक्य राहतं. पृष्ठांकन रोजच्या रोज करा, पान बदलायला कोणाला वाव ठेवू नका.

एका नोटिशीबद्दल वेगळं सांगतो

टपालात कलम १२७ ची खरेदी सूचना आली तर ती इतर अर्जांच्या गठ्ठ्यात ठेवू नका. आरक्षण लागून दहा वर्षं झाली आणि जागा संपादित झाली नाही, तर मालक ही सूचना देऊ शकतो. त्यानंतर २४ महिन्यांत संपादन झालं नाही किंवा त्याची पावलं उचलली गेली नाहीत, तर आरक्षण व्यपगत होतं, म्हणजे रद्द समजलं जातं. शाळेची किंवा मैदानाची जागा अशीच हातची जाते, कोणी न ठरवता, फक्त कागद टेबलाखाली राहिला म्हणून. आवक शिक्क्याची तारीख तपासा, मालकीचे कागद जोडलेत का ते बघा, त्याच दिवशी वरिष्ठांच्या हातात द्या आणि वहीत मुदतीची तारीख लाल शाईने लिहा. २४ महिने खूप वाटतात. निधीची तरतूद, सभेचा ठराव, प्रस्ताव, मोजणी यांत ते भुर्रकन जातात.

विकास योजनेचं काम लागलं तर

सुधारित विकास योजनेच्या पथकात नेमणूक झाली तर ते नशीब समजा, एवढं शिकायला पुन्हा मिळत नाही. विद्यमान जमीन वापराचा नकाशा करताना घरोघर फिरावं लागतं. उपग्रह चित्रात छप्पर दिसतं, त्याखाली गिरणी आहे की गोदाम की शिकवणी वर्ग, ते गल्लीत गेल्यावरच कळतं. योजना कलम २६ खाली प्रसिद्ध झाली की हरकतींचा पाऊस पडतो. प्रत्येक हरकत सर्वे नंबर आणि आरक्षण क्रमांकानिशी तक्त्यात भरा, एकाच विषयाच्या एकत्र बांधा, म्हणजे नियोजन समितीपुढच्या सुनावणीत माणसाला आपलं म्हणणं मांडताना नकाशाचं योग्य पान समोर मिळतं. प्रसिद्धीपूर्वीचा प्रारूप नकाशा मात्र कोणालाही, अगदी सख्ख्या मेहुण्यालाही दाखवायचा नाही. मोबाइलवर फोटो काढून ठेवणंसुद्धा टाळा.

गुंठेवारीच्या, म्हणजे परवानगीविना गुंठ्या-गुंठ्याने तुकडे पाडून विकलेल्या जमिनींच्या फाइली वेगळ्या लागतील. तिथे समोरचा माणूस बहुधा वीस वर्षं हप्ते भरून अर्ध्या-पाऊण गुंठ्यात घर बांधलेला असतो आणि त्याच्याकडे नोटरीच्या कागदापलीकडे फारसं काही नसतं. नियम तेच लावायचे, पण कागदांची यादी समजावून सांगायला दहा मिनिटं जास्त द्या. एजंट त्याच यादीचे हजारो रुपये घेतो.

पुढे जायचं असेल तर नियोजनातली पदवी किंवा पदव्युत्तर शिक्षण बघा, पुण्याच्या सीओईपीमध्ये ते आहे. लोकसेवा आयोगामार्फत सहायक नगररचनाकाराची वाट आहे. तोवर मराठी टंकलेखन पक्कं करा, कलमं मराठीतून वाचा, आणि डीडब्ल्यूजी फाइलींना 'फायनल', 'फायनल नवीन', 'फायनल खरा' अशी नावं देणं पहिल्या दिवसापासून बंद करा. गाव, सर्वे नंबर आणि तारीख, एवढं नाव पुरतं.